वीतभर सोन्याची बाई

सुन खाटकाने त्या सकाळी न मागता मेंढीच्या शेपटीची चरबी कापून माझ्या हातात ठेवली आणि "अजून काही, उगुदा अगान?" असं विचारलं, तेव्हा काहीतरी बिनसलंय हे मला कळलं. आमच्यात थोरल्या भावाला अगान म्हणतात. सुन माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, शिवाय हान, म्हणजे चिनी, आमच्या टोळीतला नव्हे; त्याने मला अगान म्हणायचं काही कारण नव्हतं. नऊ वर्षं तो मला काजळ्या म्हणत आला होता. भट्टीपाशी आयुष्य गेल्यामुळे माझ्या मानेच्या वळ्यांत काजळी बसली आहे, ती अंघोळीनेही जात नाही, आणि सुनच्या तोंडी ते नाव इतकं बसलं होतं की बाजारातल्या निम्म्या लोकांना माझं खरं नाव माहीत नव्हतं. "काजळ्या, फुप्फुसं उरलीत, नेतोस की कुत्र्याला घालू?" हे त्याचं रोजचं स्वागत. मला त्याचा राग यायचा. पण त्या सकाळी ते कानावर आलं नाही तेव्हा अंधारात पायरी चुकावी तसं झालं. चरबी हातात धरून मी तसाच उभा राहिलो. "काय झालं रे सुन, कोण मेलं?" मी विचारलं. त्याने इकडंतिकडं पाहिलं, सुरी फडक्याला पुसली. "असल्या शुभ वेळी मरणाचं कशाला काढता? राजवाड्यातून माणूस आला नाही का अजून? मी काल तिकडे मेंढ्या पोचवल्या तेव्हा ऐकलं. मी सांगितलं म्हणून सांगू नका हं. तुमच्या इलुनचं नाव निघालंय. मूर्तीसाठी." मग जरा पुढे वाकून म्हणाला, "राजाचे सासरे झालात तरी मटण माझ्याकडूनच न्याल ना?"

तटाच्या सावलीसावलीने घरी निघालो. उत्तरेचं वारं सुटलं होतं, पाटाच्या काठचे पॉपलर सळसळत होते आणि चरबी बोटांवर पाघळत होती. आमच्या लोकांत राणी अशी सहजासहजी होत नाही. जिला राणी करायचं तिने वितळलेलं सोनं स्वतःच्या हाताने साच्यात ओतायचं, वीतभर उंचीची मूर्ती घडवायची. मूर्ती अखंड निघाली तर आकाशाचा कौल मिळाला. बिघडली तर पोरीने आल्या वाटेने परत जायचं. या राजाच्या दोन मूर्ती बिघडल्या होत्या. पहिलीला डोकंच आलं नव्हतं, आणि दुसरीच्या छातीत बोर मावेल एवढं भोक. साचे दोन्ही माझ्याच भट्टीतले, आणि छातीवर हात ठेवून सांगतो, त्यांत तसूभर खोट नव्हती. त्या सरदारांच्या मुली होत्या, घोड्यावर बसून बाण मारणाऱ्या. पण तापलेली मूस सांडशीत धरणं वेगळं आणि धनुष्य ओढणं वेगळं. दोघींचे हात थरथरले. लोक मात्र बोलायचं ते बोलायला लागले. पाटावर, बाजारात, चामडं कमावणाऱ्यांच्या गल्लीत, सगळीकडे एकच: याची गादी टिकायची नाही, आकाश तोंड फिरवून बसलंय. तेव्हा राजाच्या माणसांपैकी कुणाच्या तरी डोक्यात ही युक्ती आली असणार. पोरगी ओताऱ्याची घ्या. जी आठ वर्षांची असल्यापासून भाता मारते तिचा हात कसा कापेल? राजाला बायको नको होती, कौल हवा होता. हे मला तटाच्या दुसऱ्या बुरुजापाशी कळलं, आणि मी तिथंच खाली बसलो.

मी जन्मल्यापासूनचं हे सहावं राज्य. पहिलं मला आठवत नाही, तेव्हा मी आईच्या पाठीवर होतो. दुसऱ्याच्या वेळी आम्ही पिवळ्या नदीच्या पलीकडे होतो. तिसरं दोन हिवाळे टिकलं. दर नवा राजा आला की वर्षाला नवं नाव ठेवतो आणि मोजणी पहिल्यापासून सुरू करतो. इलुन जन्मली ती 'अखंड शांती'च्या तिसऱ्या वर्षी, आणि त्या शांतीला चौथं वर्ष काही लागलं नाही. राज्याचं नाव मात्र बहुतेकदा लियांगच. नवीन नाव शोधायलाही सवड लागते. घोड्यावरून उतरून गादीवर बसलेल्या माणसाला बसायची सवय नसते, असं माझा बाप म्हणायचा, आणि तो स्वतः कुठं तीन वर्षांवर बसला नव्हता. कारण जिंकणारा आमच्याकडे जमीन नेत नाही, माणसं नेतो. दारावर खडूची खूण होते आणि दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली चालायला लागते, सातशे ली, म्हणजे तीन आठवड्यांचा रस्ता, म्हातारी गाडीवर, पोरं पाठीवर. त्यातही आधी ओतारी, लोहार आणि धनुष्य करणारे. आम्हाला कुणी मारत नाही. राजे मरतात, सरदार मरतात, राण्या मरतात. आम्हाला फक्त हलवतात. हा विचार मला नेहमी जरा सुखाचा वाटत आला होता. लहान माणूस असण्याचा हा एक फायदा आहे आणि तो मी पोरीला वारशात दिला आहे, असं मी मनाशी म्हणायचो. आता कुणीतरी येऊन तिला त्यातून उचलून वर ठेवणार होतं.

घरी पोचलो तर माझी बायको खेलू अंगणातल्या तंबूपुढे घोडीचं दूध घुसळत होती. आम्हाला घर आहे, मातीचं, दोन खणांचं, पण त्यात कोळसा आणि साच्यांची माती असते. झोपतो आम्ही अंगणातल्या तंबूत. तंबूवर पांढराशुभ्र घोंगडा पसरलेला होता. म्हणजे राजवाड्यातला माणूस येऊन गेला होता. खेलूने माझ्या हाताकडे पाहिलं. "चरबी? चोरलीस की काय?"

"सुनने दिली."

"सुनने? त्याच्या बापाने तरी कधी कुणाला दिली होती का?" ती हसली आणि मग तिला कारण कळलं आणि आणखी हसली. इतकी हसरी मी तिला किती वर्षांत पाहिली नव्हती. "आठ दिवसांनी आहे. मी पाण्यावर सांगून आले, उद्यापासून मी काही हंडा भरायला येणार नाही म्हणून." ती माझ्याकडे बघत राहिली. "काय झालं? माझ्या आईच्या चारशे घोड्या होत्या. चारशे. आणि मी वीस वर्षं तुझ्या काजळीत भाकऱ्या भाजल्या, एका शब्दाने बोलले नाही."

"एका शब्दाने?"

"बरं, दोन शब्दांनी बोलले असेन. पण आज आकाशाने एकदा आमच्याकडे बघितलं, तर तुझं तोंड मेलेल्या उंटासारखं का?"

"तुला मोहू आठवते?" मी म्हणालो.

तिने घुसळणं थांबवलं नाही, पण हात सावकाश झाला. "मेलेल्यांची नावं आज घरात नकोत," ती म्हणाली. इलुन तंबूच्या मागे माती चाळत होती. तिने सगळं ऐकलं असणार. ती आली, माझ्या हातातली चरबी घेतली, म्हणाली, "आबा, हात धुवा, माशा बसतायत," आणि पुन्हा माती चाळायला गेली. अठरा वर्षांची आहे, उंच, आईसारख्या रुंद खांद्यांची. डाव्या भुवईवर ठिणगीचा जुना डाग आहे. राणीच्या भुवईवर असा डाग कसा दिसेल हा विचार माझ्या मनात आला आणि मी तो लगेच झटकला.

मोहू आमच्या चौथ्या राज्याची राणी. तिच्या मूर्तीचा साचा मीच केला होता. तेव्हा मला तो मोठा मान वाटला होता, हेही सांगायला हवं. मोहू अठराचीच होती, हसरी, जाड वेण्यांची, आणि तिने एका दमात सोनं ओतलं. मूर्ती अशी उतरली की बोटांची नखंसुद्धा मोजून घ्यावीत. ओतताना अंगठा भाजला होता तो तोंडात धरून ती मूर्तीकडे वाकून बघत राहिली आणि सगळ्यांसमोर मला म्हणाली, "ओतारीबाबा, नाक जरा मोठं आलंय हो. माझं एवढं आहे का?" सगळे हसले. मी लोणी आणून दिलं, तिने ते अंगठ्याला लावलं. त्यानंतर अडीच वर्षांनी शहर पडलं. रिवाजाप्रमाणे राजा पाठीमागे हात बांधून वेशीतून बाहेर चालत आला आणि त्याच्यामागून त्याची शवपेटी गाडीवर आली, म्हणजे जिंकणाऱ्याने हवं तर तिथंच आत घालावं. आणि तिच्यामागे दुसरी गाडी होती, दुसरी पेटी, तिच्यापुढे मोहू. पेट्या कधी कधी रिकाम्याच परत जातात, जिंकणाऱ्याचा दिवस चांगला असला तर. त्याचा नव्हता. मी तिचं काय झालं ते पाहिलं नाही, मान खाली घातली होती. पण खेलूने पाहिलं. आणि दुसऱ्या दिवशी विजयी सेनापतीचा माणूस फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन माझ्या भट्टीवर आला. खोगिराच्या पट्ट्यांसाठी सोनं हवं होतं. फडकं सोडलं तर आत ती होती, वीतभर उंच, मोठ्या नाकाची. मी आणि श्यूने मिळून ती मुशीत घातली. श्यू हान आहे, माझ्याहून म्हातारा, तीन शहरं आम्ही एकाच दोरीला बांधल्यासारखे फिरलो. सोनं पायांकडून वितळत जातं. चेहरा सगळ्यात शेवटी गेला. भात्यावर आठ वर्षांची इलुन होती, पहिल्यांदाच तिला भाता दिला होता. ती बघते आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. पोरं काय बघतात हे आपल्याला कधी कळतं?

त्या आठ दिवसांत साचा मलाच करायचा होता. बापाने लेकीचा साचा करू नये असा नियम आहे, पण या खेपेला मूर्ती हवीच होती म्हणून सगळ्यांनी त्याकडे काणाडोळा केला. माझ्या दृष्टीने ही एकच वाट होती. मी साचा बिघडवणार होतो. मेणाची मूर्ती केली, वर बारीक माती चढवली, आणि हवा बाहेर जायच्या वाटा ठेवतो त्या वेळी, डाव्या खांद्याची वाट ठेवायची नाही असं ठरवून बसलो. हवा कोंडली की खांदा येत नाही, सोपी गोष्ट आहे. दिवसभर काम केलं, संध्याकाळी पाहिलं तर डाव्या खांद्याची वाट होती. मी केली होती. केव्हा केली ते आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती बुजवली. आणि तिसऱ्या दिवशी राजाची माणसं साचा तपासायला आली त्यांच्याआधीच मी ती पुन्हा मोकळी करून बसलो होतो, कारण बुजवलेली वाट कुठल्याही शिकाऊलाही दिसली असती आणि आम्हा तिघांचीही मुंडकी तटावर लागली असती. की तेही खरं कारण नव्हतं? चाळीस वर्षं एकच काम केलेल्या हातांना वाईट काम शिकवायला आठ दिवस पुरत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला माझ्या हातांची लाज वाटली आणि अभिमानही वाटला, दोन्ही एकाच वेळी. मग एकच उरलं: साचा आतून ओला ठेवणं. ओल्या साच्यात सोनं उकळतं, मूर्ती होत नाही. सहाव्या दिवशी मी साचा भाजायला ठेवला आणि लवकर काढावा म्हणून हात पुढे केला. श्यू कोपऱ्यात बसून दात कोरत होता. "पुरता सुकू दे," तो म्हणाला. "ओला साचा फुटतो. तोंडावर उडेल पोरीच्या." एवढंच. माझ्या मनात काय चाललंय हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं तर. मी साचा पुन्हा आत ढकलला आणि वर निखारे ओढले.

इलुनशी मी बोलू शकलो नाही. काय बोलणार? तू मुद्दाम बिघडव असं म्हणायचं, आणि तिने घाबरून कबुली दिली, किंवा नुसता तिचा चेहरा कुणी वाचला, म्हणजे मीच तिला मारल्यासारखं. आणि तिला राणी व्हायचं असेल तर? हे विचारायचं मला धैर्य झालं नाही. ती त्या दिवसांत नेहमीसारखी होती. सकाळी आईबरोबर पांढऱ्या कातड्याचे नवे बूट शिवायची, दुपारी माझ्याकडे येऊन माती मळायची. सातव्या दिवशी माती मळता मळता तिने विचारलं, "आबा, ती राणी डावखुरी होती का?"

"कोण राणी?"

"नाकवाली. तिच्या मूर्तीचा डावा हात वर होता. मला भात्यावरून तेवढंच दिसत होतं. बाकी सगळं गेलं, हात राहिला, मग नाक." ती हे मातीकडे बघत म्हणाली. मी म्हणालो, हो, डावखुरी होती. तिने मान हलवली, जणू काही बऱ्याच दिवसांची शंका फिटली, आणि मळलेला गोळा माझ्यापुढे ठेवला. गोळा उत्तम मळला होता.

आठव्या दिवशी ऊन चढल्यावर आम्ही राजवाड्याच्या अंगणात होतो. मधोमध पांढरा घोंगडा, त्यावर साचा रेतीत पुरलेला, बाजूला भट्टी, श्यू आणि त्याचा भाता. राजाच्या चार आत्या-मावश्या लाकडी बैठकीवर. राजा माझ्यापासून वीस पावलांवर उभा होता. तिशीचा, दाढी विरळ, रात्री नीट झोप न झालेल्या माणसासारखा. तो माझ्याकडे बघून सासऱ्याकडे बघावं तसा ओशाळं हसला, आणि मला त्याची कीव आली. तो वाईट माणूस नव्हता. त्याचा बाप मेंढ्या राखायचा आणि याने पाच वर्षांपूर्वी हे शहर घेतलं तेव्हा कुणाचं घर लुटू दिलं नव्हतं. मग ढोल वाजला आणि आम्ही सगळ्या पुरुषांनी पाठ फिरवली. सोनं ओतताना बघायचा अधिकार बायकांचा. पुरुषांनी फक्त ऐकायचं. समोर तटाची माती होती, तिच्यात एक वाळकी काडी अडकली होती. मी त्या काडीकडे बघत उभा राहिलो. सांडशी उचलल्याचा आवाज आला, मुशीवरचं झाकण बाजूला झालं, आणि सोनं पडायला लागलं. घागर भरताना आवाज जसा चढत जातो तसाच हा आवाज असतो, फक्त फार बारीक, ओताऱ्याशिवाय कुणाला कळत नाही. पाय भरले. गुडघे. आवाज वर चढत होता, एकसारखा, धार इतकी छान की माझी छाती अभिमानाने भरून आली आणि त्याच वेळी मला कळलं की मी पोरीला गमावली. कंबर. आणि आवाज थांबला. एक श्वास घ्यावा आणि सोडावा एवढाच वेळ. मग पुन्हा सुरू झाला आणि शेवटपर्यंत गेला.

सोनं ओतताना धार तुटली की खालच्या सोन्यावर साय धरते आणि वरचं तिला चिकटत नाही. बाहेरून एक दिसतं, आतून दोन असतात. आमच्या धंद्यातला हा पहिला धडा. इलुन दहा वर्षांची असताना उंटाच्या गळ्यातली घंटा ओतत होती, तेव्हा मधेच थांबली म्हणून मी तिच्या मुस्काटात मारली होती. आयुष्यात तेवढी एकदाच. तेव्हा ती धार विसरली असेल हे शक्य नव्हतं. शेजारी श्यूही पाठ करून उभा होता. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे पाहिलं. त्याने ऐकलं होतं. त्याच्या कानाची पाळी हलली. अंगणात आम्ही दोघंच होतो ज्यांना कळलं होतं, आणि तिसरी ती. ढोल वाजला, आम्ही वळलो. श्यूने रेती उकरली, साचा थंड होऊ दिला, हातोडीने फोडला. माती गळून पडली आणि मूर्ती बाहेर आली. डोळे, ओठ, कमरेपर्यंतचा अंगरखा, सगळं स्वच्छ. राजाने श्वास सोडला. मग श्यूने ती उचलली आणि तिचं वरचं अर्धं अंग त्याच्या हातात आलं, खालचं घोंगड्यावर राहिलं.

पांढऱ्या केसांची एक मावशी बैठकीवरून पुढे वाकली. "पोरगी मधेच थांबली होती," ती म्हणाली. "आम्ही चौघींनी बघितलं. एक क्षणभर. त्याचा काही अर्थ होतो का रे म्हाताऱ्या?"

इलुन रिकामी मूस हातात धरून उभी होती, तोंड तापून लाल, नजर खाली. श्यूने मूर्तीचे दोन तुकडे एकमेकांना लावून पाहिले, जणू तो प्रश्न त्याला नव्हताच. मग म्हणाला, "मूस जड असते, बाईसाहेब. गडीमाणसंसुद्धा दम घ्यायला थांबतात. मी रोज थांबतो."

"पण ही तर ओताऱ्याची लेक."

"घोड्यावर बसतो तोच पडतो," श्यू म्हणाला. "काम चोख होतं. साचाही चोख होता. यापुढचं मला विचारू नका, माझा बाप मातीत काम करायचा, आकाशात नाही." मावशी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग इलुनकडे. त्या बाईला काय कळलं आणि काय नाही हे मला आजही सांगता येणार नाही. तिलाही मुली असतील. तिने हात झटकला आणि मागे टेकून बसली. राजाच बोलला शेवटी. "राहू द्या," तो म्हणाला. "आकाशाला माझं लग्नच मान्य नसेल." आणि तो खरंच हसला, थकलेला पण मोकळा. दोन तुकडे बघून त्याचीही एक काळजी मिटल्यासारखी वाटली.

रिवाजाप्रमाणे अंगावरचा पांढरा घोंगडा उलटा करून पांघरून इलुनला शेण काढायच्या मागच्या दाराने बाहेर काढलं. तिच्यामागून खेलू, तिच्यामागून मी. खेलू सगळ्या रस्त्याने बोलत होती. "हाताला लकवा भरला होता का? सबंध शहरापुढे? पाण्यावर बायका काय म्हणतील? चारशे घोड्यांवाल्या आईची लेक मी." वळणावर आल्यावर ती थांबली, आजूबाजूला कुणी नाही असं पाहिलं आणि पोरीला दोन्ही हातांनी असं आवळलं की उलटा घोंगडा गळून धुळीत पडला. मग डोळे पुसून म्हणाली, "चल. आता हंडा भरायला मलाच जायचंय उद्या, माझी जीभ झडो." आणि पुन्हा बडबड सुरू केली, घरापर्यंत. मी मागे राहिलो. माझे पाय आपोआप बाजाराकडे वळले. सुन खाटकापर्यंत बातमी माझ्याआधी पोचली होती. त्याने मला बघितलं, सुरी उचलली, ठेवली, आणि जमिनीवर पडलेली फुप्फुसं पायाने पुढे सरकवली. "काजळ्या," तो म्हणाला, "ही नेतोस की कुत्र्याला घालू?" माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्याला वाटलं अपमानाने आलं. तो ओशाळला, वर दोन मूत्रपिंडंही घातली. मी ती घेतली आणि घरी येईपर्यंत वाटेभर रडत आणि हसत होतो, आणि फुप्फुसं त्या दिवशी जेवढी चवीने खाल्ली तेवढी पुन्हा कधी खाल्ली नाहीत.

श्यू आणि मी यावर कधी बोललो नाही. इलुनशीही नाही. काही महिने मला भीती वाटायची, दाराशी घोडा थांबला की हातातलं काम सुटायचं. मग हळूहळू तीही गेली. पुढच्या वर्षी, पेरणीच्या दिवसांत, उत्तरेकडून दुसऱ्याच कुणाचे तरी घोडे आले आणि बारा दिवसांनी शहर पडलं. दारोदारी खडूच्या खुणा झाल्या. सकाळी आम्ही गाठोडी बांधून वेशीपाशी उभे होतो, चालायचा हुकूम व्हायची वाट बघत. आधी राजा बाहेर आला, हात पाठीशी बांधलेले, एक खांदा उघडा. तो माझ्यासमोरून गेला, पण त्याने मला ओळखलं असेल असं वाटत नाही. त्याच्या मागून गाडी आली, गाडीवर पेटी. मी दुसऱ्या गाडीची वाट बघत होतो. डोळे वेशीच्या काळोख्या कमानीवरून हलत नव्हते. आता येईल, आता चाकं वाजतील. चाकं वाजली नाहीत. एकच गाडी होती, एकच पेटी. मागून धूळ आली आणि वेस रिकामी झाली. राजाचं पुढे काय झालं ते आम्हाला कळलं नाही, आम्ही त्याआधीच चालायला लागलो. बरं झालं असावं असं मी धरून चालतो. पहिल्या मुक्कामाच्या अलीकडे, उन्हात, इलुन माझ्या शेजारून भाता पाठीवर घेऊन चालत होती आणि खेलू श्यूच्या गाडीवर बसून नव्या शहरात पाणी किती लांब असेल याबद्दल आत्ताच कुरकुरत होती. मी सव्वा वर्षाने पहिल्यांदा विचारलं.

"त्या दिवशी मधेच थांबलीस का गं?"

तिने भाता एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला. "श्यूकाका बोलले ना सगळ्यांसमोर," ती म्हणाली. "दम घ्यायला." मग थोडं चालून म्हणाली, "आबा, तुम्ही पण घ्या. तेव्हापासून धरून बसलाय."